मनुहारीचा घास

"तुम्ही नेमकं काय काम करता?" असं कुणी विचारलं की मी आवाज थोडा खाली आणते, इकडेतिकडे बघते आणि म्हणते, "मी लोकांना गिळायला शिकवते."

मग नुसती समोरच्याच्या गळ्याकडे बघत राहते. आधी त्याला वाटतं, बाई थट्टा करतेय. मग तो हसतो. आणि मग, स्वतःच्याही नकळत, आवंढा गिळतो. एकजात सगळे गिळतात. तुम्हीही आत्ता गिळलात, उगाच नाही म्हणू नका.

जयपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात मी कित्येक वर्षं हे काम करते आहे. माझ्या दारावर हुद्द्याची लांबलचक इंग्रजी पाटी आहे, ती आजवर कुणी पूर्ण वाचलेली नाही. खाली बसणारा गार्ड आल्यागेल्याला सांगतो, "निगलने वाली मैडम? पहली मंजिल, दाहिने हाथ." त्यामुळे पेशंट वर येतात ते आत एखादी राक्षसीण बसली असेल अशा चेहऱ्याने. मी मिरजेची, अंगाने भरलेली, हसणं गडगडाटी. पहिल्या क्षणी त्यांची खात्रीच पटते.

जयपुरात आले ती नवऱ्याच्या विमा कंपनीतल्या बदलीमुळे. त्याच्या बदल्या पुढे होत राहिल्या, मी आणि लेक मात्र इथेच रुजलो. लेक इथल्याच शाळेत वाढली. ती एकदा म्हणाली, "आई, मतलब तू लोकांना पाणी कसं पितात ते शिकवतेस? आणि त्याच्यासाठी कॉलेज असतं?" असतं बाई. आणि त्या कॉलेजात आम्ही एका मित्राला भिंतीला टेकवून डोक्यावर उभं केलं होतं आणि केळं भरवलं होतं. केळं वर गेलं, म्हणजे पोटात गेलं. अन्ननलिका ही नुसती पन्हळ नाही, ती स्वतः पिळून घास पुढे ढकलते, हे आम्हाला त्या दिवशी पटलं. तुम्ही घरी करू नका. आमच्या मित्राने पुढे कित्येक महिने केळ्याकडे बघितलं नाही.

थोडक्यात सांगायचं तर आपल्या घशात दोन दारं शेजारी शेजारी आहेत. एक श्वासाचं, एक अन्नाचं. घास आला की श्वासाचं दार क्षणभर मिटतं आणि अन्नाचं उघडतं. सगळा खेळ त्या एका क्षणाचा. आणि सगळ्यात अवघड काय गिळायला, सांगा? भाकरी? चूक. पाणी! पाणी इतक्या घाईने धावतं की सुस्त दाराला मिटायला वेळच मिळत नाही. म्हणून ज्यांचं हे दार सुस्तावलंय त्यांना आम्ही पाणीसुद्धा दाट करून देतो. आणि अन्नाच्या नळीतच वाट अरुंद झाली असेल तर उलटं होतं: आधी भाकरी अडकते, मग भात, मग दलिया, शेवटी दूध. या क्रमाने घास अडकू लागला तर मी थट्टा थांबवते आणि पेशंटला दुर्बिणीच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे पिटाळते.

माझ्याकडे येणारे लोक आधी भरपूर नाटकं करून आलेले असतात. छावणीतले एक मराठी कर्नलसाहेब होते. जेवताना प्रत्येक दोन घासांनी ते उठून उभे राहायचे, खांदे मागे, छाती पुढे, हात वर. मग पाण्याचा पेला एका दमात रिकामा करून खाली बसायचे. घरच्यांना वाटायचं, शिस्त. मेसमध्ये साहेब उठले की कनिष्ठ अधिकारीही घास टाकून खाडकन उभे राहायचे. वहिनी मला म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे राष्ट्रगीत लागल्यासारखं जेवण होतं." साहेबांच्या अन्ननलिकेच्या तळाची झडप उघडतच नव्हती. अन्न वर साचत राहायचं आणि हा बहाद्दर कवायत करून ते खाली पाडायचा. ॲसिडिटीच्या गोळ्या खाण्यात वर्षं गेली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून तो आवळलेला स्नायू आतून कापला आणि साहेब बसल्या जागी आख्खी पोळी जेवले. वहिनींना चुकल्याचुकल्यासारखं झालं म्हणे.

जयपुरातल्याच सी-स्कीम वस्तीतल्या एक बाई तर घशात लिंबाएवढा गोळा आहे असं सांगत यायच्या. सगळ्या तपासण्या स्वच्छ. जेवण उत्तम, कचोरी सरळ खाली उतरायची. गोळा फक्त रिकामा आवंढा गिळताना जाणवायचा आणि सासूबाई राहायला आल्या की मोठा व्हायचा. हा गोळा खोटा नसतो बरं का, घशाचे स्नायू खरोखर आवळलेले असतात. मी त्यांना मान आणि श्वास सैल सोडायला शिकवलं. सासूबाईंवर मात्र माझ्याकडे व्यायाम नाही.

पण आज सांगायची आहे ती रामकरणजींची गोष्ट. आमची सगळी बोलणी अर्थात हिंदीत, नाहीतर तिकडच्या ढूंढाडी बोलीत झाली. मी मराठीत सांगते. जिथे मजा जाईल तिथे त्यांचेच शब्द ठेवते.

रामकरणजी जयपूरजवळच्या चाकसूचे. जन्मभर बसचे कंडक्टर, आता निवृत्त. उंच, काटक, कानात सोन्याच्या मुरक्या, आणि आवाज असा की टोंक रोडवर उभं राहून बोलले तर पलीकडचा ऑटो थांबावा. चहा उकळता प्यायचे. बस थांब्यावर थांबायची तेवढ्यात कप संपवायचा, म्हणून चहा निवू द्यायची सवयच लागली नाही. शिवाय बिडी. आणि घराण्यात मानाचं एक खास काम त्यांच्याकडे होतं: मनुहार.

मनुहार म्हणजे आपला आग्रह, पण आपल्या आग्रहाला दात असतील तर तो मनुहार होईल. पंगतीत यजमान हातात लाडू घेऊन येतो, पाहुण्याच्या गळ्यात हात टाकतो आणि लाडू थेट तोंडात कोंबतो. नको म्हणायला तोंड उघडलं की लाडू आत. नाकारणं म्हणजे अपमान. आणि ज्याला भरवलं तो उलटून भरवतो. रामकरणजींच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही. त्यांना येताना पाहून लोक पंगतीतून उठून पळायचे म्हणे आणि ते कंडक्टरी सवयीने दारातच अडवायचे.

याच मनुहारीने त्यांचं दुखणं लपवलं. घास अडकायला लागला तेव्हा ते घरी छाछेत रोटी कुस्करू लागले, मग दलियावर आले, "दात गेले" म्हणाले. आणि लग्नकार्यात? कुणी भरवलेला लाडू गालात धरायचा, हसायचं, दोन्ही हातांनी इतरांना भरवत सुटायचं, आणि मंडपामागे जाऊन रुमालात काढायचा. रुमाल कुर्त्याच्या खिशात. सगळे म्हणायचे, रामकरणजी काय जेवतात!

एका लग्नाहून परतल्यावर त्यांच्या पत्नी गुलाबभाभींना खुंटीवरच्या कुर्त्याला मुंग्यांची रांग दिसली. खिशात मोतीचूर. भाभी खवळल्या. या वयात लग्नातून लाडू चोरून आणतोस? चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेव! रामकरणजींनी खिसा उलटा करून मुंग्या झटकल्या. मग म्हणाले, "चोरले नाहीत गं. गिळवत नाही."

भाभी मला हे सांगताना रडत होत्या आणि हसतही होत्या. "मैं लड्डू गिन रही थी, बाईसा, और आदमी घट रहा था."

अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. केमो, मग रेडिएशन, ज्याला इथे सगळे "सिकाई" म्हणतात, आणि त्यानंतर मोठं ऑपरेशन असं ठरलं. ऑपरेशनच्या आधी सर्जननी त्यांना माझ्याकडे पाठवलं. रोगट नळी काढून टाकतात आणि पोटाची पिशवीच वर ओढून तिची नवी नळी करतात, हे मी त्यांना चित्र काढून समजावलं. काही महिने पोटातल्या एका बारीक नळीतून जेवण जाईल हेही सांगितलं.

रामकरणजींनी चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "पोट वर घेतलं तर भूक कुठं लागणार? गळ्यात?"

"गळ्यात तर तुम्हाला बोलण्याची खाज आहे," मी म्हणाले. "भूक तिथं मावायची नाही."

ते खूश झाले. मग एकदम गंभीर झाले आणि मुद्द्यावर आले. धाकटी मुलगी मंजू, तिचं लग्न आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय्य तृतीयेला, चौमूं गावच्या घरात ठरलेलं. "सजनगोठीत मला बसायचंय. नळीने नाही, तोंडाने. ब्याईजी घास देतील तो मला घेता आला पाहिजे. ते जमणार नसेल तर सांगून टाका, मी ऑपरेशन लग्नानंतर करीन."

सजनगोठ म्हणजे लग्न लागल्यावर वरपक्षाला दिलेली खास पंगत. ब्याईजी म्हणजे आपले व्याही. शब्द किती जवळचा आहे पाहा! त्या पंगतीत दोन व्याही एकमेकांना घास भरवतात, आणि त्याशिवाय सोयरीक पुरी होत नाही. ऑपरेशन लग्नानंतर, म्हणजे मधले महिने रोगाला आंदण. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं.

"वचन देता येणार नाही," मी म्हणाले. "मेहनत करून घेईन."

"म्हणजे तुम्ही पण आमच्यासारख्याच. आम्ही पण गर्दीत सांगायचो, चढो चढो, आगे सीट मिल जाएगी."

"आणि मिळायची?"

"दुर्गापुऱ्यापर्यंत नाही. पुढे कुणाकुणाला मिळायची." त्यांनी चित्राची घडी करून खिशात घातली. "चढलो समजा."

ऑपरेशन चांगलं झालं. पण आवाजाच्या दोन पडद्यांपैकी डावा पडदा रुसला. या ऑपरेशनात तिथली नाजूक नस दुखावू शकते. त्या दणदणीत आवाजाची फुंकर झाली. आणि आवाजाचे पडदे म्हणजेच श्वासाच्या दाराची कडी, त्यामुळे दार नीट मिटेना. बेरियम मिसळलेलं पाणी पाजून आम्ही एक्स-रेचा चित्रपट काढला. पडद्यावर काळी रेघ घशातून उतरली, फाट्यावर आली आणि तिचा एक ओघळ सरळ श्वासनलिकेत गेला. ठसकासुद्धा नाही. ही मुकी चूक सगळ्यात वाईट, कारण पेशंटला पत्ताच लागत नाही.

रामकरणजी स्वतःच्या घशाकडे भान हरपून बघत होते. फुसफुसत्या आवाजात म्हणाले, "ये तो बाइपास से निकल गई."

शिकवणी सुरू झाली. पाठ ताठ, हनुवटी छातीकडे, अर्धा चमचा, श्वास रोखायचा, गिळायचं, खाकरायचं, पुन्हा गिळायचं. मग "आ" म्हणून दाखवायचं. आवाज कोरडा आला तर पास; गुळणी धरल्यासारखा भिजका आला तर वाटेत काहीतरी रेंगाळलंय. आणि खाताना बोलायचं नाही. हा शेवटचा नियम ऐकून गुलाबभाभींनी भिंतीवरच्या देवाला हात जोडले. "बत्तीस साल की मन्नत पूरी हुई."

बाजारात पाणी दाट करायची पावडर मिळते. ती घातलेलं पाणी रामकरणजींनी चाखलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी बिनतिकीट चढले होते. म्हणून मी चमचा तिरका करून भाभींना विचारलं, "तुमच्या घरी असं काय होतं, जे चमच्यावरून असं सावकाश पडतं?" भाभी म्हणाल्या राब, मुलगा सुरेश म्हणाला कढी, आणि दोघांचं तिथेच जुंपलं. राब जिंकली. बाजरीचं पीठ ताकात शिजवलेली ही राब म्हणजे आपल्या आंबिलीची थोरली बहीण. रोज भाभी डबा आणायच्या, मी तिची धार तपासायचे, आणि पातळ निघाली की रामकरणजी मिटल्या तोंडाने आनंदाने मान हलवायचे.

रोज चार-पाच चमचे जमायला लागले आणि मी मनातल्या मनात आखातीजेचं जेवण वाढायला घेतलं. तेव्हाच धापूभुआ आल्या.

धापूभुआ म्हणजे रामकरणजींच्या थोरल्या बहीण, मुलांच्या आत्या. घरात पाठोपाठ मुली झाल्या की एकीचं नाव धापू ठेवायची इकडे रीत होती, म्हणजे "पोट भरलं, आता पुरे". त्या नावाचा सूड म्हणून असेल, भुआंनी आयुष्यात कुणालाही पुरे म्हणू दिलं नव्हतं. पायात चांदीची जाड कडी, हातात काठी, ओढणीखाली पितळी डबा. मी पलीकडच्या वॉर्डात होते. भुआंनी भावाचा उतरलेला चेहरा पाहिला, पोटातली नळी पाहिली, आणि डब्यातून तुपातला मालपुआ काढला.

"एक कोर, भाया. म्हारा हाथ को."

एक घास, माझ्या हातचा. बहिणीच्या हातचा घास. हा माणूस मोतीचूर गालात धरून हसला होता, ऑपरेशनला हसत गेला होता, पण नाही म्हणणं त्याच्या अंगातच नव्हतं. त्याने तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी ताप, मग धाप, मग छातीत न्यूमोनिया. गोडामुळे घाम आणि धडधड झाली ती वेगळीच, कारण वर ओढलेल्या पोटातून साखर धाडकन आतड्यात उतरते. तोंडाने सगळं बंद. पुन्हा नळी, वर ऑक्सिजन. सर्जन मला एवढंच म्हणाले, "लग्नाचं आता विसरा. माणूस वाचवू." मी घरी जाऊन लेकीवर विनाकारण ओरडले.

भुआ वॉर्डाबाहेर बाकावर बसून होत्या. मी त्यांच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिले. भांडणाची माझी तयारी उत्तम होती. दोन वाक्यं तर मी जिन्यातच घोळवून आणली होती.

"डाक्टरणी बाई," त्याच आधी म्हणाल्या, "भाऊ उपाशी आणि बहिणीने नुसतं बघायचं?"

माझी दोन्ही वाक्यं वाया गेली. मी त्यांचा हात धरून त्यांना माझ्या खोलीत नेलं आणि कॉम्प्युटरवर तो एक्स-रेचा चित्रपट लावला. ही मान. हा चमचा. हा घास. आता बघा हं. काळी रेघ उतरली, फाट्यावर आली, ओघळ वळला.

"कठे गी?" भुआंनी विचारलं. कुठे गेली?

"फुप्फुसात."

भुआंनी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्यावर हात ठेवला, रेघ वळते नेमकं तिथे, जणू अडवता येईल. मग ओढणी पुढे ओढून घेतली.

मी म्हणाले, "भुआसा, त्यांना नाही म्हणता येत नाही. तुम्ही म्हणा. त्यांच्या तोंडापाशी कुणाचाही हात आला तर मध्ये तुमची काठी."

झालं. त्या दिवसापासून पलंगाशी धापूभुआंचा पहारा बसला. प्रसादाचा पेढा आणणारे पुजारी परत गेले. डाळिंबाचा रस घेऊन आलेल्या जावयाची रवानगी जिन्यात झाली. एका सकाळी नर्स थर्मामीटर घेऊन वाकली तर तिलाही काठी आडवी आली. "बाईसा सूं पूछ्यो?" बाईसांना विचारलं? नर्स माझ्याकडे लेखी परवानगी मागायला आली. सर्जन राउंडला आले की भुआ त्यांचे रिकामे हात बघून मगच काठी बाजूला घ्यायच्या.

रामकरणजी सावरले. आम्ही पुन्हा पहिल्या चमच्यापासून सुरुवात केली. हनुवटी, श्वास, गिळा, खाकरा, गिळा, "आ". रुसलेला पडदा हळूहळू मनधरणी मानू लागला. पुन्हा एक्स-रे काढला. दाट घास आता योग्य दारानेच जात होता.

ते घरी गेले आणि आला बासोडा. शीतलामातेचा सण. चाकसूच्या डोंगरीवर मोठी जत्रा भरते आणि त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. सगळे आदल्या दिवशीचं गार खातात, त्यात राब हवीच. मी फोनवर बजावलं, यांची वाटी रात्रभर फ्रिजमध्येच पाहिजे. "देवीला चालेल ना?" भाभींनी विचारलं. मी म्हटलं, देवीला थंडच आवडतं, फ्रिज पाहून ती खूश होईल. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या ताटात होतं तेच रामकरणजींच्या वाटीत होतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाईसा, आज मैं बीमार नहीं था," एवढंच म्हणाले आणि ठेवला. फोन लवकर ठेवण्याची ती त्यांची पहिलीच वेळ.

आखातीजेला मी चाकसूला गेले. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, लेकीला मिळाली. मंडपात शिरतानाच सुरेशने मला बाजूला घेतलं. "मैडम, एक बात. चौमूंवाल्यांना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"पिताजींचं. आम्ही अल्सरचं ऑपरेशन सांगितलंय. लोक काय काय समजतात, मंजूला उद्या कुणी बोललं तर. तुमची ओळख मी शाळेतल्या बाई म्हणून करून देतो."

मी एक्स-रेसमोर गडगडाटी हसणारी बाई, मला काय सुचणार? शाळेतल्या बाईसारखी पदर खोचून बसले. लेक कानाशी म्हणाली, "आई, मतलब आता तू काय शिकवतेस?" मी म्हटलं, "मौन."

फेरे पहाटेच झाले होते. सजनगोठ दुपारी होती. रामकरणजी गुलाबी साफा बांधून तख्तावर ताठ बसले होते, पाठीशी लोड, समोर राबेची चांदीची वाटी, मागे धापूभुआ काठीसकट. चौमूंचे व्याही बनवारीजी बियाण्यांचे व्यापारी, मिशा पिळदार, हसले की मंडप हलायचा. पंगत बसल्यापासून ते एका जागी ठरले नव्हते. याला भरव, त्याला भरव. शेवटी चूरम्याचा लाडू हातावर तोलत ते तख्तापाशी आले आणि व्हिडिओवाल्याने दिवा त्यांच्यावर मारला.

"ब्याईजी, मूंडो खोलो!"

पंगत ओरडली. भुआंची काठी इंचभर उचलली गेली आणि तिथेच राहिली. रीतीप्रमाणे व्याह्यांसमोर त्या बोलू शकत नव्हत्या. सुरेश पुढे झाला, "ब्याईजी, पिताजी का पेट जरा..." बनवारीजींनी त्याला हसत बाजूला केलं. लाडू ओठांपाशी. मी उठले होते. शाळेतल्या बाई अशा उठत नाहीत.

रामकरणजींनी व्याह्यांचं मनगट धरलं. हळूच, पण धरलं.

"एक बात रह गई, ब्याईजी." आवाज पूर्वीचा नव्हता, पण शेवटच्या पानापर्यंत पोचला. "मला कॅन्सर झाला होता. खाण्याच्या नळीचा. नळी काढून टाकली, पोट वर घेतलंय. हा लाडू माझ्याच्याने गिळवणार नाही. या सगळ्यांनी तुमच्यापासून लपवलं, मी पण गप्प बसलो. आता फेरे झालेत, पोरगी परत घेणार नाही. बाकी तुम्ही म्हणाल ते."

मंडपात वाढप्याच्या हातातला डाव वाजला. गुलाबभाभींनी डोळे मिटले होते. व्हिडिओवाल्याला दिवा बंद करावा की नाही कळेना.

बनवारीजी लाडूकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "फिर क्या खाते हो?"

"राब."

त्यांनी लाडू ताटात ठेवला, हात धुतले आणि भुआंपुढे तळवा पसरला. भुआंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. भुआंनी चमचा दिला. "आधो," घुंगटातून हुकूम आला, व्याह्यांशी न बोलण्याची रीत मोडून. अर्धाच! बनवारीजींनी निमूटपणे अर्धा चमचा भरून पुढे केला.

रामकरणजींची पाठ ताठ झाली. हनुवटी छातीकडे. साफ्याचं टोक खाली आलं. मी त्यांच्या गळ्याची घाटी बघत होते. वर गेली. खाली आली. खाकरले. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"आ?" मी पंगतीच्या या टोकावरून ओरडले.

"आऽऽ!" कोरडा, खडखडीत.

मी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याबरोबर सगळा मंडप. सुरेश माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत होता. शाळेतल्या बाईंचं पितळ उघडं पडलं होतं.

"अब मेरी बारी," रामकरणजी म्हणाले. त्यांनी तोच लाडू उचलला, बनवारीजींच्या गळ्यात हात टाकला आणि जुन्या सफाईने अर्धा लाडू त्यांच्या तोंडात सारला. लोक हसत होते, कुणी रामकरणजींच्या खांद्यावर थाप मारत होतं, भाभी डोळे पुसत होत्या. बनवारीजींकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

माझं गेलं, सवयीने. ते चावत होते. अजून चावत होते. मान थोडी लांब झाली, एक हात छातीच्या हाडावर आला, दुसऱ्याने पाण्याचा ग्लास शोधला. घोट घेतला, थांबले, पुन्हा घोट. मग रुमाल काढून मिशा पुसल्यासारखं केलं आणि रुमाल खिशात ठेवला. पंगत बसल्यापासून ते सगळ्यांना भरवत होते. ते स्वतः कधी जेवले, हे मी पाहिलं नव्हतं.

मी रामकरणजींकडे पाहिलं. तेही तिकडेच बघत होते. त्यांचं हसू गेलं होतं. त्यांनी व्याह्यांना हाताला धरून तख्तावर आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं,

"कद सूं?"

कधीपासून? बनवारीजी हसायला गेले. मग त्यांनी समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं, आणि मिशा एकदम खाली आल्यासारख्या झाल्या.

"फागण सूं," ते म्हणाले. फाल्गुनापासून.

रामकरणजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "त्या शाळेतल्या बाई नाहीत. सोमवारी मी तुम्हाला घेऊन त्यांच्याकडे जातो, पुढं कुणाकडे न्यायचं ते त्या सांगतील." मग राबेची वाटी दोघांच्या मध्ये सरकवली आणि मागे थोरल्या बहिणीकडे वळले.

"जीजी, एक चम्मच और."